यहुदी परंपरेतील ‘कव्वाना’: हेतूचा एक इतिहास

हिब्रू भाषेतील ‘कव्वाना’ या शब्दाला मराठीत एकच नेमका प्रतिशब्द देणे कठीण आहे. ‘हेतू’ म्हटले तर त्यातील भक्तीचा अंश निसटतो. ‘भाव’ म्हटले तर निश्चयाचा निसटतो. ‘एकाग्रता’ म्हटले तर तो केवळ चित्ताचा एक गुण ठरतो. आणि ‘संकल्प’ हा शब्द बराच जवळ जात असला, तरी पळीने सोडलेले उदक आणि देशकालाचा उच्चार त्याच्याबरोबर आल्यावाचून राहत नाही. मूळ धातूत स्थिर करण्याचा, नीट बसवण्याचा, विशिष्ट दिशेला वळवण्याचा अर्थ आहे. प्राचीन रब्बींच्या ग्रंथांत हे क्रियापद बहुधा ‘हृदय’ या शब्दाच्या जोडीने येते: अमक्याने आपले हृदय रोखले, तमक्याने रोखले नाही. बोलण्याचा रोख, बाणाचा रोख असे जे मराठीत म्हटले जाते, त्यातील ‘रोख’ हाच शब्द कदाचित कव्वानाच्या सर्वांत जवळचा असेल. अंतःकरणाला दिशा असते आणि ती माणसाला देता येते, ही त्या शब्दामागील मूळ कल्पना होय.

संतवाङ्मयावर पोसलेला मराठी वाचक या कल्पनेकडे काहीशा पूर्वग्रहाने पाहण्याचा संभव आहे. ‘भाव तेथे देव’ हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते; त्यामुळे कर्मकांड एकीकडे आणि अंतःकरण दुसरीकडे, पहिले पुरोहितांचे आणि दुसरे भक्तांचे, अशी मांडणी त्याच्या मनात आधीच तयार असते. यहुदी धर्माच्या बाबतीत या मांडणीला बाहेरूनही पुष्टी मिळालेली आहे. आमोस, होशेय, यशया या संदेष्ट्यांनी न्यायाविना केलेल्या यज्ञयागांचा कठोर निषेध केला हे खरेच आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट बायबल-समीक्षेने त्याचा विस्तार करून असे चित्र उभे केले, की संदेष्ट्यांबरोबर हृदयाचा धर्म संपला आणि रब्बींच्या काळी केवळ नियमांचा सांगाडा उरला. कव्वानाचा इतिहास हे चित्र खोटे ठरवतो. पण तो मराठी वाचकाच्या अपेक्षेप्रमाणे भावाचा विजयही सांगत नाही. रब्बींनी हृदयाला नियमाचा प्रतिस्पर्धी होऊ दिले नाही. त्यांनी हृदयालाच नियमाच्या कक्षेत आणले, आणि कोणत्या कर्माला किती हेतू लागतो, कोणाकडून तो मागावा, आणि तो नसला तर काय, असे अगदी व्यवहारी प्रश्न त्याला विचारले. या चौकशीतून जी गोष्ट पुढे येते ती अशी, की ईश्वरासमोर हेतूला जे वजन आहे ते शेजाऱ्यासमोर नाही.

या विचाराचा आरंभ एका विध्वंसात आहे. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम येथील मंदिर जाळले आणि शतकानुशतके चालत आलेला यज्ञधर्म एकाएकी बंद पडला. यज्ञात काय अर्पण केले हे डोळ्यांना दिसते. त्याची जागा ज्या प्रार्थनेने घेतली तिच्यात डोळ्यांना दिसण्याजोगे काहीच नसते. तिला ‘हृदयाची सेवा’ असे नाव देण्यात आले, आणि मग हृदय खरोखर सेवेत आहे की नाही हा प्रश्न अटळ झाला. इ. स. २०० च्या सुमारास यहुदा हा-नासी याने संकलित केलेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात तो पुनःपुन्हा येतो. परंतु तो येतो रस्त्यावरच्या, शेतातल्या, घरातल्या प्रसंगांतून. नववर्षदिनी शोफार म्हणजे मेंढ्याचे शिंग फुंकलेले ऐकावे, अशी आज्ञा आहे. एक मनुष्य सिनेगॉगच्या मागून चालला आहे. त्याच्या कानावर शिंगाचा आवाज पडतो. त्याने आज्ञा पाळली काय? मिश्नाचे उत्तर असे, की त्याने हृदय रोखले असेल तर पाळली, नसेल तर नाही. दोघांनी एकच आवाज ऐकला, तरी एकाचे कर्तव्य पार पडले आणि दुसऱ्याचे राहून गेले. गाढवावर बसून चाललेल्या माणसाला प्रार्थनेची वेळ झाली तर त्याने खाली उतरावे. उतरता येत नसेल तर जेरुसलेमच्या दिशेने तोंड वळवावे. तेही जमत नसेल तर हृदय तरी मंदिराच्या गाभाऱ्याकडे वळवावे. ही आज्ञा ग्रंथबद्ध झाली तेव्हा तो गाभारा नष्ट होऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता. जी वास्तू जगात नाही तिच्याकडे गाढवावरून मन वळवण्याची ही सोय वाचताना ग्रंथकारांचा स्वर कोठेही हळवा होत नाही, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच ग्रंथातील दुसरी काही विधाने याहून बोलकी आहेत. झाडावर चढलेल्या किंवा भिंतीच्या थरावर उभ्या असलेल्या मजुरांनी ‘शेमा’ हे ईश्वराच्या एकत्वाचे वचन तेथेच म्हणावे, खाली उतरण्याची गरज नाही. मुख्य प्रार्थना मात्र तशी म्हणू नये. पडण्याची भीती मनात असलेल्या माणसाकडून दीर्घ एकाग्रता मागता येत नाही, आणि मालकाचा वेळही वाया जाऊ नये, एवढा विचार त्यामागे दिसतो. नवरदेवाला लग्नाच्या पहिल्या रात्री शेमातून सूट आहे, कारण त्याचे मन ठिकाणावर नसणार हे शास्त्राने गृहीतच धरले आहे. रब्बान गामलिएल याने ही सूट नाकारून स्वतःच्या लग्नाच्या रात्री शेमा म्हटला, आणि शिष्यांनी त्यालाच त्याच्या शिकवणुकीची आठवण दिली, तेव्हा ईश्वराचे राज्य घटकाभरही आपण बाजूला ठेवणार नाही असे उत्तर त्याने दिले. प्राचीन भाविक लोक तर प्रार्थनेपूर्वी एक तास स्वस्थ बसत आणि हृदय ताळ्यावर आणीत, असे मिश्ना सांगते. परंतु तो तास तिने सर्वांवर लादला नाही. जो आदर्श आहे तो सांगावा आणि जे शक्य आहे ते विहित करावे, ही तिची रीत.

पुढे बॅबिलोनियातील विद्यापीठांत हाच प्रश्न सूत्ररूपाने मांडला गेला: आज्ञांना हेतू आवश्यक आहे की नाही? तालमुदात दोन्ही बाजूंचे समर्थक आहेत. हेतू नको म्हणणारांच्या बाजूचे उदाहरण मोठे विलक्षण आहे. वल्हांडणाच्या रात्री बेखमीर भाकर खाण्याची आज्ञा आहे. एखाद्याला ती जबरदस्तीने खाऊ घातली तर? शमुएल या पंडिताच्या पित्याकडे जे उत्तर मागे जाते त्यानुसार त्याचे कर्तव्य पार पडले. जबरदस्ती कोणाची, याचा खुलासा ‘पारशांची’, म्हणजे सासानी राज्यातील इराण्यांची, असा करण्यात आला आहे. परराज्यात राहणाऱ्या समाजाची परिस्थिती या एका शब्दातून डोकावते. मग जो केवळ सूर काढण्याच्या हौसेने शिंग फुंकतो त्याचेही कर्तव्य पार पडले असे मानावयाचे काय? येथे चर्चा अडखळते. भाकर पोटात गेली की खाल्ली गेलीच, शरीराला तिचा उपभोग घडलाच; परंतु नववर्षाचा शिंगनाद हे ईश्वराचे स्मरण आहे, आणि स्मरणाचा विचारही मनात नसताना स्मरण झाले असे कसे म्हणावे? उलट बाजूला रब्बी झेइरा आहे. त्याने शिंग फुंकणाऱ्या आपल्या सेवकाला सांगितले, की माझ्यासाठी असा हेतू धर आणि मग फुंक. ऐकणाराचा हेतू पुरत नाही, फुंकणाराचाही हवा. पुढे अनेक शतकांनी योसेफ कारो याच्या ‘शुल्हान आरुख’ या धर्मसंहितेने, जी १५६५ मध्ये व्हेनिस येथे छापली गेली, आज्ञांना हेतू आवश्यक असल्याचा सर्वसाधारण निर्णय दिला. आणि तरीही जबरदस्तीने भाकर खाणाराची सूट तिने कायम ठेवली. तर्कशास्त्र्याला ही विसंगती वाटेल. पण जुलमाखाली जगणाऱ्या माणसाचे पुण्य त्याच्यापासून हिरावून घेण्याची तयारी त्या परंपरेची नव्हती, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

हे झाले ईश्वराशी असलेल्या व्यवहाराविषयी. माणसामाणसांतील व्यवहाराकडे वळताच त्याच पंडितांची भाषा बदलते. खुनाच्या बाबतीत हेतूला प्राचीन काळापासूनच निर्णायक स्थान होते: लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून शेजारी मेला, तर मारणाराला पळून जाण्यासाठी आश्रयाची सहा नगरे नेमलेली होती. पण नुकसानभरपाईच्या कायद्यात मिश्ना सांगते, की मनुष्य हा सदैव जबाबदार आहे. चुकून असो वा जाणूनबुजून, जागा असो वा झोपेत, त्याने दुसऱ्याचा डोळा फोडला किंवा भांडी फोडली तर त्याने भरून दिले पाहिजे. झोपेतल्या माणसाला हेतू नसतो हे शास्त्रकारांना ठाऊक नव्हते असे नव्हे. फुटलेल्या भांड्याच्या धन्याला त्या हेतूचा उपयोग नाही, एवढेच त्यांना म्हणावयाचे होते. याच कायद्यात एक सूक्ष्म भेद केलेला आहे. कोणी छपरावरून खाली कोसळला आणि त्यामुळे दुसऱ्याला इजाही झाली आणि तो फजीतही झाला, तर इजेची भरपाई द्यावी लागते, फजितीची नाही. कारण अपमान हा हेतूवाचून होतच नाही. अपमानाचे सारे द्रव्यच हेतू आहे, जखमेचे तसे नाही. हेतूचे नीतिशास्त्र एवढ्या लहानशा निवाड्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

व्यापारातही तोच न्याय. एका मनुष्याने पवित्र भूमीत जाऊन राहावयाचे या विचाराने आपली मालमत्ता विकली, परंतु विक्रीच्या वेळी तसे बोलून दाखवले नाही. पुढे बेत फिसकटला तेव्हा तो विक्री मोडू पाहतो. रावा या पंडिताने त्याला नकार दिला: मनातले शब्द हे शब्द नव्हेत. ज्या परंपरेत मनातल्या रोखावाचून प्रार्थना अपुरी ठरते, तीच बाजारात मनाला साक्षीदार म्हणून उभे राहू देत नाही. शब्बाथच्या नियमांत, म्हणजे शेजाऱ्याशी संबंध नसलेल्या क्षेत्रातही, या मर्यादेची एक रेषा आढळते. जमीन नांगरणे त्या दिवशी निषिद्ध आहे. बाक ओढून नेताना जमिनीवर चर पडला तर? रब्बी शिमोन म्हणतो, चर पाडण्याचा हेतू नसेल तर दोष नाही. रब्बी यहुदा हे मानीत नाही. परंतु परिणाम अटळ असेल तेथे रब्बी शिमोनचीही सवलत लागू होत नाही, असा निर्णय अबाये आणि रावा यांनी दिला. त्यासाठी तालमुदात जो संकेत रूढ झाला तो काहीसा भेसूर आहे: डोके छाटावे आणि जीव मरू नये म्हणावे, असे कसे होईल? जे होणारच हे ठाऊक आहे ते आपल्या मनात नव्हते, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. विसाव्या शतकातील राज्यकर्त्यांच्या आणि सेनापतींच्या कैफियती ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना या संकेताचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि केवळ हेतूची मर्यादा सांगून ही परंपरा थांबली असती तर ती काहीशी रूक्षच ठरली असती. तिने याहून धिटाईचा एक विचार मांडला. अनुवाद या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात अशी आज्ञा आहे, की शेताची कापणी करताना एखादी पेंढी विसरून राहिली तर ती आणण्यासाठी परत जाऊ नये. ती परदेशी, पोरके आणि विधवा यांची. या आज्ञेचे वैशिष्ट्य असे, की ती हेतुपूर्वक पाळताच येत नाही. मुद्दाम ठेवलेली पेंढी ही विसरलेली पेंढी नव्हे. यावरून एलाझार बेन अझार्या याने असे प्रतिपादन केले, की ज्याच्या हातून नाणे रस्त्यात पडले आणि एका गरिबाला ते सापडून त्याचा निर्वाह झाला, त्या पाडणारालाही ईश्वराचा आशीर्वाद मिळतो. नाणे हरवल्याबद्दल तो बिचारा कदाचित दिवसभर हळहळत असेल! पण गरिबाच्या पोटात गेलेला घास त्याच्या खाती जमा झाला. ‘तोसेफ्ता’ या मिश्नाच्या पुरवणीग्रंथात एका भाविकाची हकीकत आहे. त्याची पेंढी शेतात विसरली, तेव्हा त्याने मुलाला दोन बैल अर्पण करण्यास सांगितले. इतर कोणत्या आज्ञेच्या वेळी न झालेला आनंद या वेळीच का, असे मुलाने विचारता तो म्हणाला, की इतर सर्व आज्ञा आपल्याला जाणीवपूर्वक पाळण्यासाठी दिल्या आहेत. ही एकच अशी आहे की जी आपल्या नकळतच हातून घडते. ज्याचे सारे आयुष्य हृदय रोखण्यात गेले असेल त्यालाच हा आनंद कळावा.

‘लिश्मा’, म्हणजे कर्म केवळ त्या कर्मासाठीच करणे, याविषयीचे सुप्रसिद्ध वचनही याच दृष्टीने वाचले पाहिजे. राव याच्या मताप्रमाणे माणसाने शास्त्राध्ययन आणि आज्ञापालन अन्य हेतूनेही करीत राहावे, कारण त्यातूनच पुढे शुद्ध हेतू उत्पन्न होतो. गीतेतील निष्काम कर्माची आठवण येथे भारतीय वाचकाला होणे साहजिक आहे. परंतु रावचा भर फलत्यागावर नाही, सवयीवर आहे. अशुद्ध हेतूने घातलेली भाकर तो काढून घेत नाही. घालणारा उद्या सुधारेल याची वाट पाहतो. याच्या अगदी उलट टोकाचे वाक्य नाहमान बार यित्सहाक याच्या नावावर आहे. सिसरा या सेनापतीला तंबूत घेऊन ठार मारणाऱ्या याएल या स्त्रीच्या संदर्भात, शुद्ध हेतूने केलेले पाप हे अशुद्ध हेतूने केलेल्या पुण्याहून थोर, असे तो म्हणतो. तालमुदातील त्या चर्चेतच हे विधान लगेच सौम्य करून दोहोंना एका पातळीवर आणले आहे. ते विधान किती ज्वालाग्राही आहे हे तेव्हाच ओळखले गेले होते. स्फोट व्हायला मात्र हजाराहून अधिक वर्षे लागली.

मधल्या काळात कव्वानाला ग्रंथरूप तत्त्वज्ञान मिळाले, आणि ते अरबी भाषेत मिळाले. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमधील सारागोसा येथील बह्या इब्न पाकूदा याने अंतःकरणाच्या कर्तव्यांवर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. अवयवांच्या कर्तव्यांवर पुष्कळांनी लिहिले, हृदयाच्या कर्तव्यांकडे कोणाचे लक्ष नाही, ही त्याची तक्रार. यहुदा इब्न तिबोन याने ११६१ मध्ये त्याचे हिब्रू भाषांतर आरंभले आणि पुढील अनेक शतके यहुदी घरांत तो वाचला गेला. बह्याच्या विवेचनावर सूफी ग्रंथांची छाया स्पष्ट आहे. कर्माचे मोल नियतीवर ठरते या अर्थाची हदीस इस्लामी जगात सर्वतोमुखी होती, आणि मराठीत ‘नियत तशी बरकत’ या म्हणीतून जो शब्द आजही ऐकू येतो तो याच अरबी ‘निय्या’चा वंशज आहे. दोन धर्मांच्या सीमेवर हेतूचा विचार किती सहजतेने ये-जा करीत होता, हे यावरून कळते.

मैमोनिदेस (११३८–१२०४) याने मात्र बह्याचा तक्रारीचा सूर न धरता नियम लिहिले. कव्वानावाचून केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, ती पुन्हा केली पाहिजे. प्रवासातून थकून आलेल्याने मन स्थिर होईपर्यंत, प्रसंगी तीन दिवस, प्रार्थना करू नये. इतका कडक असलेला हाच आचार्य दानधर्माच्या आठ पायऱ्या सांगताना काय करतो ते पाहण्यासारखे आहे. सर्वांत खालच्या पायरीवर खिन्न मनाने देणारा आहे. त्याच्या वर, योग्यतेहून कमी पण हसतमुखाने देणारा. पुढे मागितल्यावर देणारा, मागण्यापूर्वी देणारा, आणि मग देणारा व घेणारा यांपैकी एकाला किंवा दोघांनाही परस्परांची ओळख नसलेल्या पायऱ्या. सर्वांत वर जो उभा आहे त्याच्या मनाचा उल्लेखच नाही: तो गरिबाला कर्ज देतो, भागीदारी देतो, काम देतो, जेणेकरून त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. खालून वर चढताना देणाराचे मन हळूहळू दृष्टीआड होते आणि घेणाराची स्थिती पुढे येते. आणि खिन्न मनाने देणाराही शिडीच्या बाहेर टाकलेला नाही, हे तितकेच महत्त्वाचे. प्रार्थना कव्वानावाचून शून्य होते. दान तसे होत नाही.

प्रार्थनेसंबंधीचा मैमोनिदेसचा कडकपणा पुढे टिकला नाही. सोळाव्या शतकात क्राकोव्हच्या मोशे इस्सरलेस याने नोंदवलेला निर्णय असा, की आताच्या काळी लक्ष नव्हते म्हणून प्रार्थना पुन्हा करू नये. कारण दुसऱ्या वेळीही ते बहुधा नसणारच. धर्मशास्त्रात एवढी प्रामाणिक कबुली विरळा. एका वाक्यात संपूर्ण समाजाच्या चंचल चित्ताची नोंद आहे, आणि तिच्यात रागाचा लवलेशही नाही.

पण ज्यांना ही कबुली पुरेशी वाटली नाही अशांनी त्याच शतकात गालीलमधील साफेद या डोंगराळ गावी कव्वानाला अपूर्व उंचीवर नेले. यित्सहाक लुरिया (१५३४–१५७२) आणि त्याचा शिष्य हायीम वितल यांच्या कब्बालात विश्व हे दुभंगलेले आहे, आणि प्रत्येक आज्ञेमागील गूढ हेतू त्या दुभंगाची एकेक फट सांधतो. कव्वानाचे अनेकवचन ‘कव्वानोत’ असे होऊन त्याला तांत्रिक अर्थ आला: प्रार्थनेच्या शब्दाशब्दामागे ईश्वरी नामांची अक्षरे योजून त्यांचे ध्यान करणे. येमेनमधून जेरुसलेमला आलेल्या शालोम शाराबी (१७२०–१७७७) याच्या प्रार्थनापुस्तकात मूळ पाठाभोवती या ध्यानाक्षरांची जी दाट वीण आहे, तीत पाठच शोधावा लागतो. मनाच्या मोकळेपणाची मागणी करणारी कल्पना येथे स्वतःच एक अवघड विधी होऊन बसली, हे म्हणणे कब्बालावाद्यांना मान्य झाले नसते. पण इतिहासाला ते टाळता येत नाही.

याच विश्वदृष्टीतून तो जुना स्फोटही झाला. १६६५ मध्ये शाब्बताई त्सेवी याला मसीहा म्हणून घोषित करण्यात आले आणि पुढच्याच वर्षी त्याने ऑटोमन सुलतानासमोर इस्लामचा स्वीकार केला. बहुतेक अनुयायी भानावर आले. पण काहींनी असे मानले, की पतितांत अडकलेले प्रकाशकण मुक्त करण्यासाठी मसीहाने पापात उतरणे हाच त्याचा पवित्र हेतू होता. अठराव्या शतकात याकोब फ्रांकच्या पंथात नियमभंग हाच धर्म झाला. विसाव्या शतकात गेर्शोम शोलेम या संशोधकाने या साऱ्या प्रकरणाचा सहानुभूतीने आणि निर्भयपणे अभ्यास केला, म्हणून त्याचे गांभीर्य कळते. हेतू पवित्र आहे असे एकदा ठरले, की कर्माला उत्तर देणारे कोणी उरत नाही. प्रागचा प्रमुख रब्बी येहेझ्केल लांदाऊ (१७१३–१७९३) याने आज्ञापालनापूर्वी गूढ हेतूचे सूत्र म्हणण्याच्या नव्या प्रथेला जो कडवा विरोध केला, त्याला या आठवणींची पार्श्वभूमी आहे. मुखाने म्हटलेले ते सूत्र आपल्याकडील संकल्पाशी जुळणारे होते. पूर्वजांनी ते न म्हणताही आज्ञा पाळल्या, असा लांदाऊचा रोकडा युक्तिवाद होता.

पूर्व युरोपातील हासिदी चळवळीने साफेदचा वारसा घेतला, परंतु अक्षरांच्या ध्यानाऐवजी साध्या तन्मयतेवर भर दिला. प्रार्थना न येणारा खेडवळ मुलगा प्रायश्चित्तदिनी शिटी वाजवतो आणि तिच्याबरोबर साऱ्या मंडळीची प्रार्थना स्वर्गात पोचते, ही बाल शेम तोव्ह (मृत्यू १७६०) याच्या नावाशी जोडलेली दंतकथा सर्वश्रुत आहे, आणि मराठी वाचकाला ती आपल्याच घरची वाटेल. तिच्यापेक्षा कमी परिचित पण अधिक विचारणीय आहे तो विरोधकांचा आक्षेप. मनाची तयारी होईपर्यंत हासिद प्रार्थनेची ठरलेली वेळ टळू देत. विल्नाच्या गाओनचा शिष्य हायीम याने वोलोझिन येथे लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १८२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नेफेश हा-हायीम’ या ग्रंथात यावर बोट ठेवले. कव्वाना ही कर्माची शोभा आहे, कर्म नव्हे. वल्हांडणाची रात्र टळून गेल्यावर कितीही उदात्त मनाने भाकर खाल्ली, तरी आज्ञा पाळली गेली नाही. दोन्ही पक्ष तालमुदाचाच आधार घेत होते आणि दोघांनाही तो मिळत होता.

नीतीच्या बाजूने या वादाला वेगळे वळण दिले ते लिथुएनियातील यिस्राएल सालान्तर (मृत्यू १८८३) याने. मुसार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या चळवळीत स्वतःच्या हेतूंची झडती घेणे हा दैनंदिन अभ्यास होता. माणूस आपल्या हेतूंबाबत स्वतःला फसवतो, आणि मनाच्या अंधाऱ्या भागात अशा शक्ती असतात की ज्यांची त्याला जाणीव नसते, असे त्याने फ्रॉइडच्या आधी पुष्कळ वर्षे लिहिले आहे. त्याच्याविषयी सांगितली जाणारी एक हकीकत अशी: जेवणापूर्वीच्या विधीसाठी तो अगदी थोडे पाणी वापरी. भरपूर पाण्याने हात धुणे अधिक पुण्यप्रद असताना असे का, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, पाणी मोलकरणीला विहिरीवरून वाहून आणावे लागते. दुसऱ्याच्या खांद्यावर पुण्य करू नये. येथे कव्वाना विधी करणाराच्या चित्तातून निघून पाणी वाहणारीच्या खांद्यापर्यंत पोचलेली आहे.

विसाव्या शतकात अब्राहम जोशुआ हेशेल याने १९५५ च्या ‘गॉड इन सर्च ऑफ मॅन’ या ग्रंथात, यहुदी धर्म म्हणजे केवळ बाह्य आचरण असे मानणाऱ्या धार्मिकांवर टीका केली. परंतु कर्मातूनच अंतःकरण जागे होते हेही त्याने तितक्याच आग्रहाने सांगितले. जेरुसलेमचा येशायाहू लाइबोवित्झ (१९०३–१९९४) अगदी उलट बाजूचा. प्रार्थनेने मनाला शांती मिळावी ही अपेक्षाच त्याला धर्मविरोधी वाटे. ईश्वराने सांगितले म्हणून करणे एवढीच त्याच्या लेखी कव्वाना. दोघांच्या मतांतील अंतर मोठे आहे. पण कर्म वगळून हेतूवर समाधान मानावयाला दोघांपैकी एकही तयार नाही.

या इतिहासाचे एक पान मराठीतही लिहिले गेले आहे. कोकणातील बेने इस्राएल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी नव्हते. सुंता, शब्बाथ, आहाराचे काही नियम आणि शेमाचे वचन एवढे मात्र पिढ्यानुपिढ्या टिकले होते. सुंतेच्या, लग्नाच्या, मृत्यूच्या प्रसंगी तेच वचन म्हटले जाई. शेमा कोणत्याही भाषेत म्हणता येतो असे मिश्ना सांगते. या लोकांनी तो हिब्रूतच म्हटला, आणि त्या भाषेचे शिक्षण त्यांना नव्हते. मग त्यांची कव्वाना होती की नव्हती? झाडावरच्या मजुराला आणि गाढवावरच्या वाटसरूला ज्यांनी सामावून घेतले त्या पंडितांना हे उत्तर जड गेले नसते.

एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि पुणे येथे त्यांचे धार्मिक ग्रंथ मराठी अर्थासह छापले जाऊ लागले. त्यांतील पुण्याची १८७४ ची सचित्र ‘हगादा’ विशेष प्रसिद्ध आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाच्या या ग्रंथातच रब्बान गामलिएलच्या नावाने असे सांगितले आहे, की यज्ञपशू, बेखमीर भाकर आणि कडू भाजी या तीन गोष्टींचा अर्थ जो सांगत नाही त्याने आपले कर्तव्य पार पाडले नाही. तेव्हा हिब्रूशेजारी छापलेली मराठी ही तेथे विधीचाच भाग होते. याच ग्रंथाच्या आरंभी, यजमान भाकर उचलून धरतो तेव्हा, जो भुकेला असेल त्याने यावे आणि जेवावे असे आमंत्रण आहे. बहुतेक प्रार्थनापाठ हिब्रूत असताना हे आमंत्रण अरामी भाषेत आहे. त्याचे जुने स्पष्टीकरण असे, की अरामी ही त्या काळी सामान्य लोकांची बोली होती, आणि आमंत्रण भुकेल्याला कळले पाहिजे. पुण्यात ते मराठीत छापले गेले.